रूमवरची रात्रीची सिगारेट पहाटे ग्राउंडवर येते

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय:

"दादा, नाव छापू नका. वय २०. आमचं गाव अंबाजोगाईकडं, मी लातूरला रूम करून पोलीस भरतीची तयारी करायलोय, दीड वर्ष झालं. सोळाशे मीटरला टायमिंग सहा मिनिटं दोन सेकंदावर अडकलंय, कितीबी पळलो तरी खाली येईना. तीन राऊंड बरोबर जातात, चौथ्याला छाती भरून येती अन् पाय जड पडतात. सकाळी उठलं की खोकला, थोडा बेडका पडतो. अकरावीला हॉस्टेलला असताना सिगारेट लागली, आता दिवसाला सात-आठ, पेपर असला की दहा. सकाळी एक ओढल्याशिवाय प्रेशर येत नाही हे पण खरं सांगतो. रूममधला एक म्हणतो वेप घे, त्यात धूर नसतो. दुसरा म्हणतो मावा खा, पळणारे तेच करायलेत. गावातले आबा ऐंशीचे आहेत अन् बिडी ओढत अजून शेतात जातात, मग मलाच का व्हायलंय? माझी फुफ्फुसं गेली का? ग्राउंडला तीन-साडेतीन महिने आहेत असं म्हणायलेत. घरी कळलं तर अण्णा जीव घेतील, ते स्वतः तंबाखू खातात पण सिगारेटला लई वाईट मानतात. अजून एक, धाकटा नववीत आहे, मागं गावी गेलो तर त्याच्या दप्तरात एक सुट्टी सिगारेट अन् काडीपेटी सापडली. मी त्याला एक ठेवून दिली, पण नंतर मलाच कसंतरी झालं. काय करू?"

अरे भावा, पहिलं उत्तर आधी देतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. फुफ्फुसं गेलेली नाहीत. विसाव्या वर्षी, चार वर्षांच्या सिगारेटनं अशी फुफ्फुसं जात नसतात. पण काहीच झालं नाही असंही मी म्हणणार नाही, कारण काय झालंय ते तुझं स्टॉपवॉचच सांगायलंय.

तीन राऊंड नीट अन् चौथ्याला पाय जड, ह्यात अर्धी गोष्ट छातीची आहे पण अर्धी रक्ताची आहे, अन् रक्ताची बाजू पोरांना कोणी सांगत नाही म्हणून तिथूनच सुरू करतो. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं ज्यानं मरतात तोच वायू. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण हा वायू आला की ते त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतं. म्हणजे एसटीत सीट आहेत तेवढ्याच, पण खिडकीतून कोणीतरी रुमाल टाकून जागा धरून ठेवलीय, अन् ऑक्सिजन बिचारा उभा. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात शंभरातल्या पाच-सात सीट अशा अडकलेल्या असू शकतात, जास्त ओढणाऱ्याच्या दहाच्याही वर. टपरीपर्यंत चालत जायला त्यानं फरक पडत नाही, अभ्यासाला बसायला पडत नाही, तीन राऊंडपर्यंतही तुझं तरुण शरीर निभावून नेतं. चौथ्या राऊंडला मात्र एकूण एक सीट लागते.

आता हिशोब कर. हा वायू आरामात बसलेल्या माणसाच्या रक्तातून निम्मा कमी व्हायला साधारण चार-पाच तास लागतात. तू रात्री अकरा-साडेअकराला रूमच्या गॅलरीत शेवटची ओढतोस (ओढतच असशील, मी पण हॉस्टेलला राहिलोय), पहाटे पाचला त्यातला निम्म्याच्या आसपास शिल्लक असतो, अन् त्यावर तू पाचला संडासच्या नावाखाली अजून एक ओढून साडेपाचला ट्रॅकवर उभा राहतोस. वर निकोटिननं नाडी आधीच वाढवून ठेवलेली, म्हणजे शिट्टी वाजायच्या आधीच तुझं हृदय अर्धा राऊंड पळालेलं असतं. बाकीची पोरं रिकाम्या अंगानं पळतात अन् तू पाठीवर गोणी घेऊन पळतोस, तरी सहा-दोन काढतोस, मला तर त्याचंच कौतुक वाटलं.

अन् ह्यातली चांगली बाजू ही की ही रक्तातली गोणी सगळ्यात आधी उतरते. पूर्ण बंद केलं की एका दिवसात, फार तर दोन दिवसांत हा वायू साध्या माणसाएवढा होतो. त्याला महिने लागत नाहीत, कुठला काढा लागत नाही.

छातीचं मात्र हळू चालतं. आपल्या श्वासनळ्यांना आतून बारीक केस असतात, डोळ्यांना न दिसणारे. टाकळीच्या पांदीनं जाताना दोन्ही बाजूला जोंधळ्याचं रान वाऱ्यावर एकाच दिशेनं डुलतं ना, तसे ते सारखे वरच्या दिशेनं हलत असतात, अन् धूळ, जंतू, कफ सगळं घशाकडं ढकलत राहतात. धुरानं हे रान लोळतं. केस हलायचे मंदावतात, वरून धूर नळीला टोचत असतो म्हणून कफ जास्त तयार होतो, अन् ढकलणारं कोणी नाही. मग रात्रभर साचलेला तो माल सकाळी खोकून काढावा लागतो, तोच तुझा बेडका. सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो बरं का, कारण लोळलेलं रान परत उभं राहतं अन् साफसफाई सुरू करतं. कित्येक पोरं इथंच फसतात, "सोडली तर जास्तच खोकला आला, मला सिगारेटच सूट होते" म्हणून परत धरतात. तू फसू नको.

आता जे तुला आवडणार नाही तेही सांगतो. माणसाची फुफ्फुसं दहावीला पूर्ण होत नसतात. ती विशीपर्यंत, पोरांमध्ये तर विशीच्या पुढंही थोडी वाढत असतात, पंचविशीच्या आत कुठंतरी शिखराला पोचतात, अन् तिथून पुढं जन्मभर थोडी थोडी उतरत जातात. न ओढणाऱ्याची वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटरनं, ओढणाऱ्याची त्याच्या दुपटीनंसुद्धा. म्हणजे सोळाव्या वर्षी जो ओढायला लागतो त्याचं दुहेरी नुकसान होतं, शिखर थोडं बुटकं राहतं अन् उतार जास्त तीव्र होतो. चाळिशीत सिगारेट धरणाऱ्या माणसानं निदान शिखर तरी गाठलेलं असतं. तुझी चार वर्षं ही नेमकी वाढीची होती. त्यातलं थोडं कदाचित भरून निघणार नाही, पण तू अजून विशीत आहेस, थोडी वाढ बाकी असेल, अन् उतार तर सोडल्यावर बराचसा साध्या माणसासारखा होतो. म्हणून तुझ्यासाठी "भरती झाली की सोडतो" हे सगळ्यात महागाचं वाक्य आहे.

मला हे कसं माहीत ते पण सांगतो. मी अठराव्या वर्षी धरली, संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, हॉस्टेलच्या गच्चीवर. तिशीत एकदा खोकला जाईना म्हणून छातीच्या डॉक्टरांकडं गेलो तर त्यांनी फुंकायच्या मशीनवर बसवलं, स्पायरोमेट्री म्हणतात. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, अन् समोर एक ताई, तिनं सांगितलं खोल श्वास घ्या अन् एकदम सोडा, अन् मग ती लग्नात बँडवाल्याला वाजवायला लावतात तशी ओरडायली, "फुंका फुंका फुंका, अजून, अजून, थांबू नका!" मला वाटलं मी लई भारी फुंकलो. तिसऱ्यांदा करून घेतलं तेव्हा डोळ्यापुढं काजवे. मशीनमध्ये बघतात की पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली. मोकळ्या नळ्यांतून बहुतेक हवा पहिल्याच सेकंदात बाहेर येते, चोंदलेल्या नळ्यांतून ती ठिबकच्या कचरा बसलेल्या लॅटरलसारखी रेंगाळत येते. डॉक्टरांनी कागद बघून एवढंच विचारलं, "वय काय म्हणालात?" मी म्हणालो तीस. ते म्हणाले, "कागद पंचेचाळिशीचा आहे." त्या दिवशी बाहेर येऊन मी काय केलं असेल? एक सिगारेट ओढली. टेन्शन आलं होतं ना. सोडली त्यानंतर वर्षानं, अन् तीही चौथ्या प्रयत्नात. म्हणून मी तुला वरून उपदेश करायलोय असं समजू नको.

आबांचं म्हणशील तर प्रत्येक गावाला एक आबा असतो. पारावर बसलेले आबा दिसतात, पण ज्यांना बिडीनं पंचावन्नला नेलं ते पारावर दिसतील कसे? आबांच्या वयाचे, त्यांच्याबरोबर बिडी ओढणारे किती जण होते अन् किती राहिले एवढंच एकदा आजीला विचार, नावासकट सांगेल. देशात तंबाखूनं वर्षाला तेरा लाखाहून जास्त माणसं मरतात, ती काही सगळी शहरातली नसतात. अन् आबांना सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत पळायचं नाहीये, तुला वीसपैकी वीस मार्क पाहिजेत.

वेपचं थोडक्यात. ई-सिगारेट आपल्याकडं २०१९ पासून कायद्यानं बंद आहे, बनवणं, विकणं, साठवणं सगळंच. म्हणजे तुझ्या रूममेटकडं जे आहे ते चोरून आलेलं आहे, त्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. धूर नसतो हे अर्धं खरं, जळत नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइडची भानगड फारशी नाही, पण निकोटिन भरपूर असतं, सिगारेट निदान संपते तरी, ते संपतच नाही, दिवसभर तोंडात. अमेरिकेत २०१९ला वेप ओढणाऱ्या तरुण पोरांना अचानक फुफ्फुसाचा आजार व्हायला लागला, २८०० च्या वर लोक दवाखान्यात पडले अन् ६८ मेले. त्यात बऱ्याच जणांनी बाहेरून घेतलेला गांजाचा अर्क भरला होता अन् त्यात मिसळलेलं एक तेलकट द्रव्य निघालं. चोरटा माल म्हणजे काय ते ह्यावरून बघ. अन् पोलीस व्हायला निघालेल्या माणसाच्या खिशात बंदी असलेली वस्तू, हे तुझं तुलाच बरं दिसतं का बघ.

मावा खाऊन पळणारी पोरं मीही बघितलीत. धूर छातीत जात नाही हे खरं, पण निकोटिन गालातून रक्तात जातंच, नाडी वाढवतंच, रक्तवाहिन्या आवळतंच, अन् सवय पण चिवट, कारण खिशात पुडी असली की लपायचीही गरज नाही, लेक्चरला बसून खाता येतो. त्यात सुपारी. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. आत्ता वाचता वाचता तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघ, जातात का. मावा खाणाऱ्या त्या रूममेटला पण घालायला लाव. त्याची जात नसतील तर त्याला दाताच्या डॉक्टरकडं घेऊन जा, अन् हे चेष्टेत घेऊ नको. आपल्या महाराष्ट्रात धुरापेक्षा खाण्याचाच तंबाखू जास्त आहे, २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत शंभरातले चोवीस-पंचवीस मोठे लोक खाणारे होते अन् ओढणारे जेमतेम चार. म्हणजे तुला "ओढू नको" म्हणणारे जे आहेत ना, त्यातल्या कित्येकांच्या गालात चुना लावलेली चिमूट असती. अण्णांचंच बघ.

टेन्शनवर येऊ, कारण खरी गाठ तिथं आहे. तू म्हणशील ओढली की डोकं शांत होतं. होतं, मी नाही म्हणत नाही. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदात निकोटिन मेंदूत पोचतं, अन् दोनेक तासात रक्तातलं निम्मं उतरतं. उतरलं की चिडचिड, अस्वस्थपणा, पुस्तकात लक्ष लागेना. ओढली की बरं वाटतं. मग आपल्याला वाटतं सिगारेटनं टेन्शन घालवलं, पण त्यातलं निम्मं टेन्शन आधीच्या सिगारेटनंच आणलेलं असतं. घट्ट बूट घालून दिवसभर फिरायचं अन् संध्याकाळी बूट काढल्यावर म्हणायचं बुटासारखं सुख नाही, तसली गत. पंचविशीपर्यंत मेंदू पण घडत असतो, म्हणून ह्या वयात हे लवकर लागतं अन् घट्ट लागतं. तू कमजोर आहेस म्हणून सुटत नाही असं नाही, तू सोळाव्या वर्षी धरलीस म्हणून जास्त घट्ट आहे.

आता सोडायची कशी. तुला तीन-साडेतीन महिने आहेत अन् ते पुरेसे आहेत, फक्त "कमी करतो" हा खेळ लांबवू नको. आठची चार अन् चारची दोन करणारा माणूस प्रत्येक सिगारेट जास्त खोल ओढतो, हिशोब तिथंच येतो. येत्या आठ-दहा दिवसातली एक तारीख धर, पेपर नसलेली, शक्यतो ज्या दिवशी सकाळी लाँग रन आहे ती, म्हणजे दुपारी अंग मोडून झोप येईल. आदल्या रात्री रूममधलं पाकीट, लायटर, राखेची वाटी सगळं बाहेर. एका रूममेटला सांगून ठेव की भावा मी दोन आठवडे खवळणार आहे, मनावर घेऊ नको. सगळ्यात वाईट दुसरा-तिसरा दिवस असतो, मग उतरत जातं, तीन-चार आठवड्यांत बहुतेक संपतं. भूक वाढेल, झोप उडेल, डोकं दुखेल, ते सगळं त्या हिशोबातलंच आहे.

तलफ आली की ती वाटते जन्मभर राहील, पण चार-पाच मिनिटं असते, फार तर दहा. तेवढा वेळ काढायचा. पाणी पी, खाली जाऊन गेटपर्यंत चक्कर मार, फुटाणे खा, ज्वारीच्या लाह्या खा, बडीशेप चालेल पण टपरीवरची सुपारी घातलेली नको. अन् चहा! आपल्याकडं चहा अन् सिगारेट ही नवरा-बायकोसारखी जोडी, एक आला की दुसऱ्याची आठवण येणारच. पहिले पंधरा दिवस ट्यूशन एरियातल्या त्या टपरीवर जाऊच नको, चहा रूमवर करून पी नाहीतर मेसमध्ये. मित्र हसतील, हसू दे. माझे पहिले तीन प्रयत्न टपरीवरच मोडले, प्रत्येक वेळी "फक्त चहा घेतो" म्हणून गेलो होतो.

एक बारीक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. तू सुट्टी सिगारेट घेत असशील. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट अन् बिडी विकायला २०२० पासून बंदी आहे, पण काचेच्या बरणीतून निघतेच. सुट्टी घेतली की पाकीट हातात येत नाही, अन् पाकिटावरच २०१८ पासून सोडायच्या मदतीचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच तो कधी दिसत नाही. तारीख ठरवायच्या आधी एकदा लाव, ते तुझ्याशी बोलतात अन् नंतर परत फोन करून विचारतात पण.

निकोटिनचा चघळायचा गम मेडिकलवर मिळतो, दोन मिलिग्रॅमचा. पण तू उठल्या उठल्या ओढणारा आहेस म्हणजे सवय पक्की आहे, तर डॉक्टरला विचारून घे, ते डोस सांगतील, गरज वाटली तर गोळ्या पण असतात. गम च्युइंगमसारखा कचाकचा चावायचा नसतो. चार-पाचदा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा. आधी पंधरा मिनिटं अन् चघळताना चहा-कॉफी नाही, नाहीतर तो नीट लागत नाही, अन् मग पोरं म्हणतात गम बोगस आहे. काही आठवड्यांनी तो पण कमी करत बंद करायचा.

आता संडासचं, कारण हे कोणी लाजून विचारत नाही अन् कित्येक लोक ह्याच कारणानं परत धरतात. निकोटिननं आतडी हलतात हे खरं आहे, अन् सोडल्यावर काही दिवस ती रुसतात. पहाटे उठून दोन ग्लास कोमट पाणी, रात्री मेसच्या मैद्याच्या नानपेक्षा ज्वारीची भाकरी, पेरू, पपई, अन् घाई न करता दहा मिनिटं बसायचं. दोन-तीन आठवड्यांत आतडी आपली आपण कामाला लागतात. नाहीच जमलं तर इसबगोल आहे. ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं तीस-तीस वर्षं ओढत राहिलेली मी बघितलीत.

तपासणी मात्र कर, टाळू नको. तुझा खोकला दोन आठवड्यांच्या वर आहे असं दिसतंय, अन् ओढणाऱ्या माणसाचा खोकला "सिगारेटचाच असेल" म्हणून सोडून देतात, तिथं टीबी लपून बसतो. ओढणाऱ्याला टीबीचा धोका असाही जास्त, अन् एका रूममध्ये पाच-सहा पोरं झोपतात तिथं एकाचा सगळ्यांना. बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गावी गेलास तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज आहेच, छातीच्या ओपीडीला जा अन् ती फुंकायची टेस्ट पण करून घे. पळताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, लहानपणी दम लागायचा असेल तर तेही सांग, कारण बाळदमा असलेली पोरं सिगारेट ओढून भरतीला पळतात अन् दोष टायमिंगला देतात. बेडक्यात रक्त दिसलं, संध्याकाळी कणकण येती, वजन उतरतंय असं काही असेल तर तारीख-बिरीख राहू दे, उद्याच जा.

एखाद्या दिवशी चुकून ओढलीस तर "गेलं सगळं" म्हणून पाकीट आणू नको. एक राऊंड खराब गेला म्हणून कोणी ग्राउंड सोडून जात नाही.

टायमिंग पाच-दहावर येईल का, ते मी लिहून देऊ शकत नाही, त्यात ट्रेनिंग आहे, खाणं आहे, झोप आहे. पण गोणी उतरल्यावर किती येतंय ते तुलाच दिसेल. दर रविवारी एकच टेस्ट रन, त्याच ट्रॅकवर, त्याच वेळेला, अन् वहीत दोन आकडे लिही, टायमिंग अन् सोडून किती दिवस झाले.

अण्णांना आत्ता सांगायलाच पाहिजे असं नाही. वीस वर्षाचा आहेस, सोडून महिना झाला की सांग, तेव्हा सांगणं सोपं जातं, अन् तेव्हा "मी सोडली, तुम्ही पण बघा जमतंय का" एवढं म्हणता येतं. रागावतील. रागावू दे, पण त्यांच्या तोंडात पांढरा चट्टा नाहीतर न भरणारा फोड दिसतो का ते गप्प बघून ये, अन् दिसला तर त्यांना घेऊन दवाखाना गाठ.

राहिला धाकटा. त्याला एक ठेवून दिलीस ते का वाईट वाटलं ते तुला माहीत आहे, तुझ्या बोटाला वास होता. देशात तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी पोरांत शंभरातली आठ-नऊ पोरं तंबाखूत आहेत हा २०१९ चा सर्व्हे आहे, अन् त्यात सिगारेट ओढून बघितलेल्यांपैकी अडतीस टक्के पोरांनी दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी पहिल्यांदा ओढली होती. म्हणजे तुझा भाऊ काही जगावेगळा बिघडलेला नाही, पण त्याची फुफ्फुसं आत्ता तुझ्यापेक्षा जास्त वेगानं वाढायलेत, त्यामुळं त्याचं आत्ताच थांबलं तर जवळपास काहीच गेलेलं नसेल. त्याला कॅन्सरची भीती दाखवू नको, चौदाव्या वर्षी पन्नाशीचं कोणाला काय वाटतंय. त्याला ग्राउंडवर घेऊन जा. पुढच्या वेळी गावी गेलास की पहाटे उठव, शाळेच्या मैदानावर दोघं पळा अन् तुझं खरं टायमिंग त्याला सांग, सहा-दोन, अन् ते का अडकलं ते पण सांग, तुझ्या तोंडून. मोठ्या भावानं मारलेलं तो विसरेल, मोठा भाऊ चौथ्या राऊंडला गुडघ्यावर हात ठेवून खोकताना बघितला तर नाही विसरणार. अन् त्याला दुसरं काही विचारू नको, एवढंच विचार की देतं कोण. अठराच्या खालच्या पोराला तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डात टपरीवर विकणंच गुन्हा आहे, अन् लहान पोराला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे. हे तुला तसंही भरतीला लागेल, पाठ करून ठेव. नाव कळलं तर भांडायला जाऊ नको, मुख्याध्यापकांना जाऊन भेट, सोबत गावातला एखादा शहाणा माणूस घे.

तारीख कोणती धरलीस ते कळव. वहीतली पहिली ओळ आजचीच लिही, सहा मिनिटं दोन सेकंद, दिवस शून्य.